नंबर घालवायचा का?

दिवाळीला पुण्याहून पोरं घरी आली की सोलापुरातल्या घराघरांत ठरावीक विषय निघतात. पगार, फ्लॅट, आणि मुलगी चष्मा लावणारी असेल तर तिसरा: लग्नाआधी नंबर घालवून घ्यायचा का? विचारते ती बहुतेक वेळा आई. तिला कुणीतरी सांगितलेले असते की दहा मिनिटांचे काम आहे, दुखत नाही, दोन दिवसांत ऑफिसला जाता येते. यातले प्रत्येक वाक्य जवळजवळ खरे आहे. म्हणूनच निर्णय घाईत होतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीसाठी हाच प्रश्न निघाला. उजव्या डोळ्याला साडेचार, डावीकडे पाच, दोन्ही मायनस. “मावशी, करून टाकू का ओ?” असे तिने विचारले, आणि सहावीपासून चष्मा लावणारी मी तिच्यासोबत पुण्याला तपासणीला गेले. आठ दिवस आधीपासून तिने कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवल्या होत्या. लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो आणि मापे चुकतात. अंधाऱ्या खोलीत तिने हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावले. निळ्या उजेडाची एक बारीक रेघ डोळ्यावरून गोल फिरली. दोनेक सेकंदांचे काम. मग पडद्यावर तिच्या कॉर्नियाचा नकाशा उमटला, उंचसखलपणा रंगांनी दाखवणारा. उजवा डोळा शांत हिरवा-पिवळा. डाव्यात मध्याच्या जरा खाली लालसर डाग, कुंकवाचे बोट पुसल्यासारखा. डॉक्टरांनी मागच्या पृष्ठभागाचा नकाशा उघडला. तिथेही त्याच जागी फुगवटा. ते म्हणाले, “हिला लेसर करायचं नाही.”

भाचीचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर तिची आई म्हणाली, दुसरीकडे विचारू या. मला मात्र त्या दिवसापासून वाटते आहे की या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोलाची वस्तू ते यंत्र नव्हे. तो नकार आहे. लेसर करावे की नाही, याचा निम्म्याहून जास्त निकाल या तपासणीतच लागतो, आणि आपण मात्र पॅकेजचे दर विचारत बसतो.

लेसर नेमके करते काय, ते आधी. मायनस नंबर असलेला डोळा साधारणपणे थोडा लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लांबी कमी करता येत नाही. म्हणून पुढची काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी थोडी चपटी केली जाते. ज्या लेसरने हे होते त्याची जन्मकथा मला फार आवडते. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसरवर काम करत होते. 1981 च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर हा अतिनील किरण सोडून पाहिला. आजूबाजूचे मांस न भाजता नेमकी खाच पडली. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत 1983 मध्ये डोळ्याच्या कॉर्नियावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचे इयोआनिस पल्लिकारिस यांनी 1990 च्या सुमारास कॉर्नियाची पातळ झापड उचलून तिच्याखाली लेसर देण्याची पद्धत आणली. तीच लॅसिक.

आज आपल्यासमोर मुख्यतः चार वाटा ठेवल्या जातात. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर देतात. चार-पाच दिवस डोळा चुरचुरतो, खुपतो, उजेड सहन होत नाही, आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. पण झापड नसते. लॅसिकमध्ये झापड असते, त्यामुळे त्रास कमी आणि दुसऱ्याच दिवशी दिसू लागते. जाहिरातीतल्या ‘ब्लेडलेस’चा अर्थ इतकाच, की ती झापड पात्याऐवजी दुसऱ्या लेसरने कापली. कापणे टळत नाही. स्माइलमध्ये कॉर्नियाच्या पोटात भिंगाच्या आकाराची चकती कापून ती दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढतात. या पद्धतीच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रिया आपल्या शेजारी, वडोदऱ्याला झाल्या, डॉ. रूपल शहा यांचा त्यावरचा शोधनिबंध 2011 चा आहे, अमेरिकेत परवानगी मिळाली त्याच्या पाच वर्षे आधीचा. चौथी वाट आयसीएल: कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगापुढे, एक जादा भिंग बसवणे. मोठ्या नंबरवाल्यांना आणि पातळ कॉर्नियावाल्यांना ती सुचवतात. डोळ्याच्या आत शिरावे लागते, खर्चही जास्त, पण नको झाल्यास ते भिंग काढता येते. बाकी तिन्हींत गेलेला कॉर्निया परत येत नाही.

आता हिशेब. तो प्रत्येकाने कागदावर मांडून घ्यावा, अवघड नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त तिशीपुढच्या माणसांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी 514 मायक्रॉन भरली, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. झापडीला साधारण 110 मायक्रॉन जातात. एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन कॉर्निया घासला जातो. पाच नंबर असेल तर 70 धरा: 514 मधून 110 आणि 70 गेले, खाली 334 उरले. ठीक आहे. नऊ नंबर असेल तर उरतात 280 च्या आसपास. खाली निदान 250 उरलेच पाहिजेत, असा जुना दंडक. आज बरेच डॉक्टर 300 च्या खाली जायला तयार नसतात. ज्याची मूळ जाडीच 480 आहे आणि नंबर आठ, त्याला कुणी ‘सहज होईल’ म्हणाले तर तिथून उठावे.

जाडीपेक्षाही आकार महत्त्वाचा. माझ्या भाचीच्या डाव्या डोळ्यात दिसले ते केराटोकोनसचे आरंभीचे चिन्ह. या आजारात कॉर्निया कमजोर होऊन हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावर लेसर दिले तर भिंतीचा आधार काढून घेतल्यासारखे होते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डोळा फुगत जातो आणि चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. वर सांगितलेल्या नागपूरच्या अभ्यासात 2.3 टक्के लोकांमध्ये कॉर्नियाची वक्रता केराटोकोनसच्या मर्यादेपलीकडे मिळाली. त्यांचा निकष साध्या मोजणीचा होता, त्यामुळे आकडा काटेकोर म्हणता येणार नाही. तरी आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजून चालणार नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाही आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या घराण्यांत तो गोऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळला.

आणि डोळे चोळण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. इथे सोलापूरकर म्हणून थांबून सांगायला हवे. आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, हवा कोरडी, रस्त्यावर धूळ, यंत्रमागाच्या पेठांत कापसाची बारीक तूस. ऊन लागले की डोळ्यांना खाज सुटणारी, पंजाच्या मागच्या बाजूने खसाखसा डोळे चोळणारी मुले प्रत्येक गल्लीत आहेत. भाचीही त्यांतलीच. लहानपणी तिला आम्ही ‘चोळू नको’ म्हणायचो ते डोळे लाल होतात म्हणून. खरे कारण आम्हाला ठाऊक नव्हते. आता तिचा दर सहा महिन्यांनी नकाशा काढतात. डाग वाढला तर सी-थ्री-आर नावाचा, कॉर्नियाचे धागे घट्ट करणारा उपचार करतील. लेसरचा विषय निघाला नसता तर हे कळले कधी असते? ज्यांना लेसर करायचेच नाही, अशा खाज सुटणाऱ्या आणि वारंवार नंबर बदलणाऱ्या मुलांचाही एकदा असा नकाशा काढावा, असे मला कळकळीने वाटते.

समजा, तपासणीत सगळे उत्तम निघाले. वय वीस-एकवीसच्या पुढे, वर्षभरात नंबर अर्ध्यापेक्षा जास्त हललेला नाही, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे नाही, मधुमेह ताब्यात, संधिवातासारखे आजार नाहीत, कॉर्नियावर पूर्वी नागीण उठलेली नाही. मग मिळते काय? बहुतेकांना उत्तम नजर, आणि हे निःशंकपणे लिहायला हवे. जगभरचे अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये झालेल्या आढाव्यात लॅसिक केलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. पावसात चष्म्यावर थेंब नाहीत, हेल्मेट घालताना काड्या रुतत नाहीत, सकाळी उठल्यावर उशाशी चाचपावे लागत नाही. भाचीच्या मैत्रिणीने केले आणि पहिल्या सकाळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरावरची तिथी अंथरुणातूनच वाचली. हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. ज्याने चष्म्याशिवाय कॅलेंडर कधी वाचले नाही, त्यालाच हे समजेल.

पण समाधानी म्हणजे बिनत्रासाचे नव्हे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी केलेल्या प्रोवल नावाच्या अभ्यासात, आधी दिव्याभोवती कडी, चकाकी, दुहेरी दिसणे यांतले काहीही नसलेल्या लोकांपैकी जास्तीत जास्त 46 टक्क्यांना तीन महिन्यांनी यांतले एखादे तरी लक्षण जाणवत होते. डोळ्यांच्या कोरडेपणाची तक्रार नव्हती अशांपैकी सुमारे 30 टक्क्यांना ती सुरू झाली. दिसण्याच्या त्या लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी. सगळे आकडे सोबत वाचायचे. रात्री पुणे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवतीचे कडे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. दिवसभर दुकानात बसणाऱ्याला ते कदाचित जाणवणारही नाही.

कोरडेपणाचे कारण सरळ आहे. अश्रू यावेत म्हणून निरोप देणारे बारीक मज्जातंतू कॉर्नियातच असतात आणि लेसरमध्ये ते कापले जातात. पुन्हा वाढायला सहा महिने, कधी वर्ष लागते. तोवर थेंब घालत राहायचे. दिवसभर स्क्रीन, डोक्यावर एसी आणि सुट्टीला सोलापूरचा उन्हाळा, हे ज्यांचे आयुष्य आहे त्यांनी आधी आपले अश्रू मोजून घ्यावेत. ती तपासणी साधी आहे. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत तो कागद किती ओला होतो, ते पाहतात.

वेळही निवडावी. कडक उन्हाळ्यात नको, रंगपंचमीच्या तोंडावर तर नकोच. गड्डा यात्रेच्या दिवसांतली गर्दी, धूळ, होम मैदानावरचे पाळणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात टाळायला हवे. माझ्या मते दिवाळी होऊन थंडी लागली की करावे. पुण्याला किंवा हैदराबादला करणार असाल तर शस्त्रक्रियेच्या रात्रीच गाडीत बसू नका. दुसऱ्या दिवशीची तपासणी शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच करायची असते; झापड सुरकुतली असेल तर तेव्हाच कळते आणि तेव्हाच नीट बसवता येते. त्यानंतर सोलापुरात आपल्याला पाहणारे डॉक्टर कोण, हे आधीच ठरलेले हवे. रात्री डोळा लाल होऊन ठणकायला लागला तर हुतात्मा एक्स्प्रेसची वाट बघता येत नाही.

नोकरीसाठी करणाऱ्यांचे प्रकरण वेगळे, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांची संख्या मोठी आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे ठिकाण. असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीची वाट पाहणारी मुले अभ्यासिकांत रात्र-रात्र बसलेली असतात, आणि त्यांतली काही नजर सहा बाय सहा भरावी म्हणून कर्ज काढून लेसर करतात. रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीत मात्र स्पष्ट लिहिलेले असते की लॅसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला अपात्र. वैद्यकीय तपासणीत ते लपत नाही. म्हणजे पैसे गेले, कॉर्निया गेला, आणि संधीही त्याच शस्त्रक्रियेने गेली. लष्कराचे नियम निराळे: अधिकारी भरतीत लेसर चालते, पण ते वयाची वीस वर्षे उलटल्यावर केलेले असावे, त्याला वर्ष झालेले असावे, कॉर्निया 450 मायक्रॉनपेक्षा पातळ नसावा, अशा अटी असतात. त्यामुळे एनडीएला बसणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. नोकरीसाठी करायचे असेल तर त्या वर्षीची जाहिरात आधी वाचावी, वैद्यकीय निकषांच्या पानापर्यंत. क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नये. तालमीत उतरणाऱ्या किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलाने झापडीची लॅसिक करूच नये, असेही माझे मत आहे. झापड वरून जुळलेली दिसली तरी तिच्याखालची जोड मूळच्या ताकदीची होत नाही. वर्षांनंतरही डोळ्यावर जोरदार मार बसून ती सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांच्यासाठी पीआरके.

खर्च दोन्ही डोळ्यांचा मिळून साधारण तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत, पद्धतीप्रमाणे. आरोग्य विमा असेल तर त्याच्या पुस्तिकेत एक कलम शोधा: 7.5 पेक्षा कमी नंबरच्या दृष्टिदोषावरचा उपचार विम्यात धरत नाहीत. म्हणजे बहुतेकांना खिशातूनच.

चाळिशी कुणाला चुकत नाही, हे तर सांगितलेच पाहिजे. लेसर कॉर्नियावर होते. चाळिशी येते ती आतले भिंग ताठर झाल्याने. पस्तिशीत लेसर करणाऱ्याला पाच-सात वर्षांत वाचायला चष्मा लागेल. गंमत अशी की दोन-अडीच मायनस नंबरचा माणूस चाळिशीनंतर चष्मा काढून आरामात वर्तमानपत्र वाचतो. लेसर करून तो ही सोय घालवतो. ‘डॉक्टर स्वतः का चष्मा लावतात?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. पंचेचाळिशीच्या डॉक्टरच्या नाकावरचा चष्मा बहुधा वाचायचाच असतो.

आता लग्नाबद्दल, कारण खरी घाई तिथेच आहे. मुलाला चष्मा असेल तर तो अभ्यासू दिसतो आणि मुलीला असेल तर स्थळ अडते, हे मी माझ्या तरुणपणी ऐकले आणि भाचीच्या वेळीही ऐकले. ज्या घराला सुनेच्या चष्म्याची अडचण वाटते, त्या घरासाठी मुलीने कॉर्नियाचे शंभर मायक्रॉन द्यावेत, हे मला अजिबात पटत नाही. तिला स्वतःला हवे असेल, पोहायला, धावायला, आरशात बघायला, तर ते पुरेसे कारण आहे आणि कुणी तिला ‘नट्टापट्टा’ म्हणू नये. पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी मुलीला एकटीला विचारावे: तुला हवे आहे का? भाचीला असे विचारले गेले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आईला हवंय.”

चष्म्याला आपण व्यंग समजतो, हे मूळ दुखणे आहे. आसामच्या चहामळ्यांत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्या कामगारांना फक्त जवळचे दिसायचा साधा चष्मा दिला, तर चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे उत्पादन सुमारे 22 टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या हजारो बायका चाळिशी ओलांडल्यावरही डोळे किलकिले करून पान कापतात, दोरा बांधतात. शे-दोनशे रुपयांचा चष्मा त्यांच्या नाकावर नाही. त्याच गावात चांगला चालणारा चष्मा उतरवायला लाख रुपये मोजले जातात. कुणी मोजू नयेत असे मी म्हणत नाही. मात्र नंबर असणे ही लपवायची गोष्ट नाही, हे दोन्ही टोकांच्या बायकांना कुणीतरी सांगायला हवे.

करायचेच ठरले तर एक शेवटचे काम, आणि ते कुणीच करत नाही. शस्त्रक्रियेआधीचे सगळे कागद मागून घ्या: मूळ नंबर, कॉर्नियाची जाडी, वक्रतेची मापे, तो रंगीत नकाशा, किती मायक्रॉन घासले त्याची नोंद. तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसर झालेल्या डोळ्यात ते गणित फसते; जुनी मापे हाताशी असली तर बरेच सावरते. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही पातळ कॉर्नियामुळे आकडा खोटा कमी येतो. शिवाय लेसरने नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो, मागचा पडदा ताणलेलाच राहतो. सहा-सातच्या पुढचा नंबर होता अशांनी वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या किंवा काळे ठिपके उडू लागले तर त्याच दिवशी.

भाचीच्या मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा तिच्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले होते. तिने फोन करून फाइल मागवून घेतली. ती आता सोलापुरात तिच्या आईच्या लोखंडी कपाटात, शेतीच्या सातबाऱ्याखाली ठेवलेली आहे.